पाठमोऱ्या खुर्च्या

त्या वर्षी संक्रांतीच्या महिन्यात आमच्या घरी तिळाचे कूट इतके झाले की ते ठेवायला डबे पुरेनात. आधी नेहमीचा स्टीलचा डबा भरला, मग चहापत्तीचा रिकामा डबा, आणि शेवटी मुरांब्याची चिनी मातीची बरणीसुद्धा धुऊन, उन्हात वाळवून कामाला लावली गेली. सकाळी दहाचा सुमार झाला की स्वयंपाकघराचे दार लोटले जाई, आत मिक्सर घरघरू लागे, आणि भाजल्या तिळांचा तो किंचित धुरकट, किंचित कडवट गोडवा दाराखालच्या फटीतून बाहेरच्या खोलीत पसरे. आत सासूबाई असत.

"आई, अजून किती कूट?" मी बाहेरून विचारी.

मिक्सर थांबे. क्षणभर काहीच ऐकू येत नसे. मग उत्तर येई, "लागतं गं. हळदीकुंकवाला लागतं." आणि पुन्हा घरघर.

कूट हे निमित्त आहे, हे मला फार उशिरा कळले. तोवर मी ते कोशिंबिरीत, भाजीत, दह्यात, एकदा तर चक्क पोळीत घालून संपवत राहिले.

या साऱ्याची सुरुवात टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेच्या नव्या पर्वाने झाली होती. आम्ही पंचवटीत राहतो, भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला, चार मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. संध्याकाळी बाजार आवरू लागला की चुरगळलेल्या कोथिंबिरीचा हिरवा वास आमच्या खिडकीशी येऊन थांबतो. घरात सासूबाई, सासरे आणि मी. नवरा नोकरीसाठी मालेगावला असतो. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मी महाविद्यालयात कविता शिकवते. म्हणजे रोज तास-दोन तास मुलांना सांगते, डोळे मिटा आणि ओळ नुसती ऐका. ती कुणाची आहे हे विसरा. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी फजिती नेमकी इथेच झाली.

पर्वाचा पहिला भाग लागला तेव्हा सासूबाई मांडीवर पेपर पसरून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. सासरे त्याच पेपरचे उरलेले पान वाचत होते. पडद्यावर चार नामवंत गायक चार लाल, सिंहासनासारख्या खुर्च्यांत बसले होते, आणि चौघांचीही पाठ रंगमंचाकडे होती.

"हे असे पाठ करून का बसलेत?" सासूबाईंनी विचारले. "रुसलेत का?"

"नाही आई. गाणाऱ्याकडे बघायचं नाही, नुसतं ऐकायचं, असा नियम आहे. आवाज आवडला की समोरचं बटण दाबायचं, मग खुर्ची वळते. जो वळेल तो त्या गाणाऱ्याला पुढे शिकवणार."

"तोवर दिसत नाही?"

"अजिबात नाही."

"उंचीही नाही?"

"नाही."

"साडी, रंग, चालणं, काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

त्यांच्या हातातला घाटा तसाच राहिला. पडद्यावर एक मुलगी गात होती. एकही खुर्ची वळली नाही, तरी तिने गाणे शेवटपर्यंत म्हटले, नमस्कार केला, आणि मगच चारही खुर्च्या तिच्याकडे फिरल्या.

"मध्येच कुणी 'पुरे' म्हणत नाही?"

"नाही म्हणत."

"लय भारी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचे माहेर सायखेड्याचे, गोदावरीच्या अगदी काठचे. लग्नानंतर त्यांनी आपली भाषा शहराच्या वळणाला लावून घेतली; पण मनापासून काही आवडले की माहेरचा एखादा शब्द असा ओल्या पायांनी आत येतो. एकोणीस वर्षांत मी तो पाच-सहा वेळाच ऐकला असेल.

त्या रात्रीच्या भाजीचे घाटे सोलता सोलता मला जे कळले ते असे. त्यांच्या तरुणपणी लग्नाच्या मुलीजवळ जसे एक बरे पातळ तयार असावे लागे, तसे एक गाणेही तयार असावे लागे. सासूबाईंनी रेडिओवरून एक भावगीत शिकून ठेवले होते: मुखडा आणि एक अंतरा. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलीला उठायला सांगायचे, चालायला सांगायचे, आणि मग त्यांतले कुणीतरी विचारायचे, "गाता येतं का?" त्या मुखडा म्हणायच्या. तो संपला की अंतऱ्यासाठी श्वास घ्यायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी म्हणायचे, "पुरे, पुरे. छान." कारण तोवर सगळ्यांचे पाहून झालेले असे. सासूबाई भलत्याच उंच. माहेरच्या चौकटीखाली मान किंचित कलवून उभ्या राहत. सहा घरांकडून निरोप आला, मुलगी उंच आहे. सातवे घर सासऱ्यांचे. सासरे त्यांच्याहून दोन बोटे उंच निघाले. सासऱ्यांच्या आईनेही मुखडा संपताच "पुरे" म्हटले. फरक इतकाच की या वेळी निरोप होकाराचा आला.

"जमलं ते उंचीवर जमलं," सासूबाई म्हणाल्या. "सात घरांनी मला पाहिलं. ऐकलं एकानंही नाही. तो अंतरा अजून माझ्याकडेच पडून आहे."

"पोहे चांगले होते," सासरे पेपरामागून म्हणाले.

"आणि गाणं, बाबा?" मी विचारले.

पेपर खाली आला. "गाणं होतं?" ते खरोखरच आठवू लागले. "शेंगदाणे जास्त होते, एवढं नक्की आठवतं."

सासूबाईंनी पुढचा घाटा असा दाबला की त्यातला हरभरा उडून टीव्हीखाली गेला.

आमच्या इमारतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईही ते पर्व पाहत होत्या, ही त्या वर्षीची दुसरी मोठी घटना. हळदीकुंकवाला दरवर्षी उखाणे आणि संगीत खुर्ची ठरलेली. अध्यक्षबाईंनी जाहीर केले की खुर्च्या यंदाही असतील, फक्त उलट्या. परीक्षक तीन, आणि त्यांना 'कोच' म्हणायचे. पहिल्या कोच म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त संगीतशिक्षिका. दुसऱ्या दंतवैद्य बाई. त्यांचा हसरा चेहरा चौकातल्या फलकावर झळकत असल्यामुळे आमच्या इमारतीपुरत्या त्या सेलिब्रिटी. तिसरी मी. मी एकदा रेडिओवर कविता वाचली होती, एवढ्या भांडवलावर.

नियम अध्यक्षबाईंनीच केले. नावे अकरा, आणि साडेसहाला पाण्याची मोटर सुरू झाली की एकही बाई खाली थांबणार नाही. म्हणून प्रत्येकीने फक्त मुखडा म्हणायचा. तो संपेपर्यंत एखाद्या कोचची बेल वाजली, तरच अंतरा. प्रत्येक कोचने एकच शिष्या निवडायची, तिला आठवडाभर शिकवायचे, आणि रथसप्तमीला तिघींची अंतिम फेरी. बेल घरच्याच, बिनतारी. बटण खुर्चीच्या हाताला चिकटवायचे आणि वाजणारी डबी टेबलावर, लांब वायरीच्या विजेच्या बोर्डात खोचायची. संगीतशिक्षिकांची बेल डिंगडाँग करते, आणि तीही बेसूर, असे त्याच म्हणत. दंतवैद्य बाईंची आरतीची धून वाजवते. आमच्या बेलमध्ये चिमणी आहे. सासऱ्यांनी ती हौसेने आणली, आणि बेलची डबी तिच्या जागेवरून हललेली त्यांना खपत नाही. तेवढ्या संध्याकाळपुरती ती मिळवायला मला दोन दिवस विनंत्या कराव्या लागल्या.

"मी नाव दिलंय," एके सकाळी सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. नुकताच मिक्सर थांबला होता; हवेत कुटाची पिवळसर धूळ तरंगत होती.

"छान केलंत. कितवा नंबर?"

"ते नाही सांगणार. आणि ऐक. ओळखलंस तरी ओळखायचं नाही. सासू म्हणून वळायचं नाही. आवाज आवडला तरच. शपथ घे."

"कुणाची?"

त्यांनी आजूबाजूला पाहिले. "कुटाची घे."

मी चिनी मातीच्या बरणीवर हात ठेवून शपथ घेतली. मनात मात्र मी नेमके उलटे ठरवत होते. ज्या घरात रोज सकाळी एकाच गाळण्यातून चहा गाळायचा, तिथे सासूसाठी न वळलेली सून म्हणून उरलेले आयुष्य काढण्याची माझी तयारी नव्हती. शिवाय तो अंतरा मलाही ऐकायचा होता. आणि त्यांचा आवाज ओळखणे म्हणजे काही अवघड काम नव्हे. एकोणीस वर्षे मी त्यांच्या मागे उभी राहून इमारतीच्या गणपतीची आरती म्हटली आहे. त्या अर्धी मात्रा आधीच सुरू होतात, बारीक आणि उंच. आणि शेवटचे अक्षर असे लांबवतात की तोवर ताटातला कापूर विझलेला असतो.

हळदीकुंकवाच्या दिवशी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून फरशी धुतली होती. तरीही ओल्या सिमेंटखालून इंजिन ऑइलचा वास येतच होता. त्यावर गुलाबपाणी, मनगटावरचे अत्तर, शेवंती आणि ओली हळद. तीन फिरत्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या. माझ्यापुढे विजेच्या मीटरांची रांग होती, त्यांतली लाल ठिणगी एकसारखी मिचकावत होती. माझ्या खुर्चीचा पंप बिघडलेला होता. बसले की ती हळूहळू, उसासा टाकावा तशी, खाली जाई. दर गाण्यामागे मी दोन बोटे बुटकी होत होते.

पहिल्या दोघींनी मुखडे म्हटले आणि त्यांना धन्यवाद मिळाले. तिसरीसाठी संगीतशिक्षिकांची डिंगडाँग वाजली. चौथी शब्द विसरली. पाचवी गात असताना दंतवैद्य बाई रुमाल काढायला वळल्या, कोपर बटणावर पडले, आणि आरतीची धून सुरू झाली. त्या मोठ्या मनाच्या. चूक झाली असे न म्हणता त्यांनी पाचवीला हसून पदरात घेतले.

मग सहावी उठली. बांगड्यांची हालचाल, एक खाकरणे, आणि अर्धी मात्रा आधीच सुरू झालेला बारीक, उंच सूर. पहिल्या ओळीचे शेवटचे अक्षर मीटरांच्या रांगेवरून पार जिन्यापर्यंत गेले. मला पुढचे ऐकायची गरजच वाटली नाही. मी बटण दाबले. टेबलावर चिमणी ओरडली. जमिनीला पाय रेटून, निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून एका हाताने धरून, मी तोंडभर हसत वळले.

समोर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या.

गच्चीवर पापड वाळत घालण्याच्या जागेवरून त्यांच्यात आणि सासूबाईंत जे सुरू आहे, ते माझ्या लग्नाच्याही आधीपासून सुरू आहे. काकू आनंदाने लाल झाल्या होत्या. "अगं बाई, एवढा आवडला तुला माझा आवाज?"

"फार," मी म्हणाले.

त्यांच्या मागे दुसऱ्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या, सगळ्यांहून वीतभर उंच. माझ्या तोंडावरचे ते हसू काकूंना पाहून कसे गोठले, हे त्यांनी नीट पाहिले.

काकूंनी अंतरा म्हटला. अध्यक्षबाईंनी माझ्या बेलची डबी काढली, दोनदा वाजवायचा मोह नको म्हणून, आणि तिळगुळाचे ताट आणायला वर निघालेल्या एका शेजारणीच्या हाती आमच्या घरी पाठवून दिली. बटण मात्र खुर्चीच्या हाताला चिकटलेलेच राहिले. आम्ही पुन्हा भिंतीकडे वळलो, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की अजून पाच जणी शिल्लक आहेत आणि बेल एकही उरलेली नाही. हा विचार अध्यक्षबाईंच्या मनातच आला नव्हता.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "हौस म्हणून म्हणा. मुखडाच म्हणा फक्त."

म्हणजे सासूबाई आता गाणार त्या आठव्यांदा, आणि अंतरा आधीच 'पुरे' झालेला. हे मीच केले होते. सातवीचे गाणे माझ्या कानांत शिरलेच नाही. मी विजेच्या ठिणगीकडे पाहत मनात म्हणत होते, आता सुरू होईल तो बारीक आवाज, आता होईल.

पुढचा आवाज सुरू झाला तो मात्र खालून. कसा सांगू? रांजणाच्या तळाशी उरलेले पाणी तांब्याने काढताना जो भरीव, गार नाद उठतो, तसा. त्याला कसलीही घाई नव्हती. तो दारात उभा राहून आत येऊ का असे विचारत नव्हता. तो आधीच आत येऊन बसलेला होता. माझ्या शेजारी संगीतशिक्षिका स्वतःशीच पुटपुटल्या, "ही कुठली पट्टी?" माझ्या हातावर काटा आला. मी सासूबाईंना शोधत होते, हे विसरले. कोण गाते आहे हे विचारायचेही विसरले. माझा अंगठा बटणावर होता, आणि तो दाबला गेला. अर्थात काहीच वाजले नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा दाबले. मग पुन्हा.

मुखडा संपला. मागे श्वास घेतल्याचे ऐकू आले, खोल, भरून घेतलेला.

"धन्यवाद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुढच्या."

तो श्वास तसाच सोडून दिल्याचेही मला ऐकू आले.

नववी, दहावी, अकरावी. एकीचाही आवाज सासूबाईंचा नव्हता. त्यांनी ऐन वेळी आपला नंबर दुसरीला देऊन माघार घेतली असावी, असे वाटून मला जरा हलके वाटले. खुर्च्या वळल्या. सासूबाई दुसऱ्या रांगेत बसून कुणाला तरी तिळगूळ देत होत्या. त्यांच्या खांद्यावर, गायला उठताना पदराला टाचणीने लावलेला कागद होता. त्यावर आठ.

घरी आल्यावर त्यांनी साडी बदलली, तांदूळ धुतले, कुकर लावला, आणि मग माझ्याकडे न पाहता विचारले, "सहाव्या नंबरला कोण समजून वळलीस?"

मी ताटे काढायला लागले.

"मी समजून ना?"

"हो."

"म्हणजे तूही पाहिलंसच. पाठ करून पाहिलंस, एवढंच." कुकरची शिट्टी त्यांनी नीट बसवली. "आणि वर, तो चिरका आवाज माझा वाटला तुला? तिचा?"

"आई, आरतीत तुम्ही अगदी तशाच म्हणता."

"आरतीत मी तिला हरवायला म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "ती शेजारी उभी असते. ती वर चढली की मी वर. ती लांबवते, मग मी लांबवते. तो काय माझा आवाज आहे?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. एकोणीस वर्षे मी जे इतक्या खात्रीने ओळखत आले होते, तो त्यांचा आवाज नव्हताच. ते त्या दोघींचे भांडण होते.

"आई," मी म्हणाले, "आठव्या नंबरला मी बटण दाबलं होतं. कोण गातंय ते माहीत नसताना. तीनदा."

"वाजलं नाही."

"डबी वर पाठवली होती ना."

"मग मनातल्या मनात दाबलंस."

"अंगठ्यानं दाबलं."

"कुणी पाहिलं?"

"समोर विजेचे मीटर होते."

त्या हसल्या नाहीत. "राहू दे," त्या म्हणाल्या. "समजूत काढायला मी काही लहान नाही. जेवायला घे."

त्या दिवशी वांग्याच्या भाजीत कूट होते, काकडीच्या कोशिंबिरीत कूट होते, आणि वाटीत कोरडे कूट वेगळेही होते. आम्ही तिघे टेबलाशी बसलो. मग सासऱ्यांनी घसा साफ केला.

"या इमारतीत शिस्त राहिलेली नाही," ते म्हणाले. "आज कुणीतरी आपली बेल वाजवून पळालं."

मी घास हातातच धरला.

"वरच्या बाई डबी देऊन गेल्या. मी लगेच तिच्या जागेवर खोचली. वस्तू जागेवर पाहिजे. येऊन बसतो न बसतो तोच चिमणी ओरडली. दार उघडलं, कोणी नाही. परत येऊन बसलो, परत चिमणी. मग मी दार उघडून तिथंच उभा राहिलो. म्हटलं, आता सापडलाच. तर माझ्या डोळ्यांदेखत तिसऱ्यांदा ओरडली, आणि बाहेर चिटपाखरू नाही."

"किती वाजता?" सासूबाईंनी विचारले.

"सहा वाजायला आले असतील. खाली तुमचं ते चाललेलं होतं." त्यांनी वरण भातावर ओढून घेतले. "दार उघडं होतं म्हणून ऐकू आलं. एक बाई बरी गात होती. खालच्या सुरात, सावकाश. मी ऐकत उभा राहिलो. म्हटलं, आता पुढचं कडवं येईल. तर थांबलीच ती. मग दुसरी कुणीतरी किंचाळायला लागली, तेव्हा दार लावलं. कोण होती गं ती?"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले. तसे त्यांनी माझ्याकडे यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

"तीनदा?" त्यांनी सासऱ्यांना विचारले.

"तीनदा. खोटं कशाला सांगू?"

"खुर्ची वळवा."

"कुठली?"

"बसलाय ती. फ्रिजकडे तोंड करा."

"जेवताना?"

"ताट घेऊन वळा."

इतक्या वर्षांच्या संसारात कोणत्या वेळी कारण विचारू नये, हे सासऱ्यांना चांगले कळते. ते ताट घेऊन उठले, खुर्ची फिरवली, आणि फ्रिजच्या दाराकडे तोंड करून बसले.

"मीही वळू का, आई?"

"तू आधी मिक्सर लाव. दोन नंबरवर."

"मिक्सर कशाला?"

"सूर नको का मला? महिनाभर त्याच्यावरच तर म्हणतेय. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून लावायची, मग सवय झाली. आणि भांडं रिकामं फिरवू नकोस, बिघडतं. तीळ घाल."

तेव्हा कुठे मला ते सारे डबे, ती बरणी, लोटलेले दार आणि मिक्सर थांबल्यावरची शांतता एकदम कळली. मी ओंजळभर तीळ घातले आणि कळ फिरवली. रोजचीच घरघर, पण आज मी ती पहिल्यांदा ऐकली. तिच्या तळाशी एक अखंड, जाड सूर होता, तंबोऱ्यासारखा. सासूबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी हाताने खूण केली, मी मिक्सर बंद केला, आणि तोच सूर त्यांच्या गळ्यात चालू राहिला. मी भिंतीकडे तोंड केले.

मुखडा झाला. मग तो श्वास आला, संध्याकाळी ऐकला होता तोच, खोल, भरून घेतलेला. कुणीही 'पुरे' म्हणाले नाही. त्याच क्षणी फ्रिजचेही गुरगुरणे थांबले, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत अंतरा सुरू झाला.

तो निर्दोष नव्हता. वरच्या स्वरावर आवाज थरथरला. उतरताना, घाटाच्या ओल्या पायऱ्या भिंतीला हात लावत उतराव्यात तसा, तो एकेका स्वरावर पाय रोवून खाली आला. पण खाली पोचला तेव्हा पूर्ण होता. भाजल्या तिळांचा ताजा वास खोलीभर होता. माझ्या मागे सासरे घास घ्यायचे विसरले असावेत, कारण बोटांवरून वरणाचा थेंब फरशीवर पडल्याचे मला ऐकू आले.

गाणे संपले, तरी ते फ्रिजकडेच तोंड करून बसून होते.

"वळू का?" त्यांनी विचारले.

"आवडलं असेल तरच," सासूबाई म्हणाल्या.

फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. सासरे ताट सांभाळत, संपूर्ण वळून, त्यांच्यासमोर बसले आणि काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

"मी बघायला आलो होतो, तेव्हा हेच गाणं होतं?"

"हेच."

"मग मी त्या दिवशी काय ऐकत होतो?"

"शेंगदाणे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक चमचा कूट वाढले.